पेपर वाचता आला पाहिजे

आमच्या लॅबमध्ये फिल्म कमी तयार झाल्या आणि किस्से जास्त. फिल्म बिघडली की कचऱ्यात जाते, पण ती का बिघडली त्याचा किस्सा कुठं जाणार? तो टेबलावर, कपाटावर, बाहेरच्या चहाच्या टपरीवर साचत राहतो. मी कितीदा ठरवलं की आता कुणाला काही सांगायचं नाही. पण चार मित्र बसले आणि एखाद्यानं विचारलं, "काय रे, तुमच्या त्या गॅसचं काय झालं?" की झालीच माझी गाडी सुरू!

आधी थोडं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काय बरळतोय. बीडहून चौसाळ्याकडे जाताना हायवेलगत आमचं कॉलेज. त्याच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला चिकटून, केमिस्ट्रीची रिसर्च लॅब. आम्ही तिघं पीएचडीवाले. मी घाटनांदूरचा, मुजीब बीड शहरातला आणि रुक्मिणी आष्टी तालुक्यातली. आमचे गाइड जोगदंड सर.

काम असं. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन असतो आणि त्याच्यात न जळणारा कार्बन डायऑक्साइडही भरपूर असतो. मध्ये प्लॅस्टिकची पातळ फिल्म धरली की कार्बन डायऑक्साइड तिच्यातून पटकन पलीकडे जातो आणि मिथेन अलीकडे राहतो. पण एक प्लॅस्टिक गॅस भराभर सोडतं, निवड मात्र करत नाही. दुसरं निवड चोख करतं, पण गॅस सोडायचं त्याच्या जिवावर येतं. म्हणून दोन्ही विरघळवायची, एकत्र करायची, काचेवर पसरायची आणि वाळू द्यायची. दोघं मनापासून मिसळली तर फिल्म साफ. नाही मिसळली तर दुधाळ! आणि दुधाळ फिल्ममध्ये दोघांच्या हद्दीवर बारीक फटी राहतात, त्यातून चांगला-वाईट सगळाच गॅस सुसाट निघून जातो.

सरांची परीक्षा सोपी होती. वाळलेली फिल्म वर्तमानपत्राच्या चार बोटं वर धरायची. "पेपर वाचता आला पाहिजे!" बस, एवढंच.

*

रुक्मिणीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिच्या खानदानात कोयता न धरता पगार घेणारी ती पहिली होणार होती, पण पीएचडी झाली तरच. कॉलेजात ती तासिकेवर शिकवत होती, कायम व्हायला पदवी हवी होती, आणि विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती स्वतः मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

एकदा तिच्या आईचा फडावरून फोन आला. हातात ग्लोव्हज होते म्हणून रुक्मिणीनं फोन स्पीकरवर टाकला.

"रुके, तू तितं करतीस तरी काय गं?"

"माय, चाळण करायले. गॅसची चाळण. चांगला गॅस इकडं, वाईट तिकडं."

पलीकडे थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज.

"आन् किती वर्सं झाली?"

"झाली की बरीच."

"आगं मंग कावून एवढा जीव काढतीस? आष्टीच्या बाजारात ढिगानं चाळण्या मिळत्यात! मी येताना घिऊन येते!"

सर तेव्हा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे रिसर्च सोडून संन्यास घेतात!

आणि माउलीनं खरंच आणली हो! हंगाम संपवून गावी परतताना ती वाकडी वाट करून लॅबवर आली आणि सरांच्या हातात नवीकोरी चाळण ठेवली. सरांनी ती लॅबच्या भिंतीवर खिळा ठोकून लावली. आजही आहे.

*

मुजीबला पेपर वाचायचा भारी नाद. फिल्म तपासायचं काम तो आपणहून अंगावर घ्यायचा. मोठे मथळे तर कसल्याही फिल्ममधून दिसतात, म्हणून त्यानं स्वतःचाच नियम काढला होता. वाचायची ती जाहीर नोटीस! जमिनीच्या खरेदीच्या त्या नोटिसा असतात ना, मुंगीएवढ्या अक्षरांच्या, त्या.

रुक्मिणीनं खूप जोड्या करून बघितल्या होत्या, सगळ्या दुधाळ. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तिला एक नवी जोडी सुचली. तिची पहिली फिल्म काचेवरून उतरली तेव्हा आम्ही सगळे टेबलाभोवती उभे होतो. मुजीबनं फिल्म पेपरवर धरली, मान वाकवली आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की..."

एकेक अक्षर स्वच्छ! रुक्मिणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुजीब वाचतोय, गावाचं नाव वाचतोय, गट नंबर वाचतोय, चतुःसीमा वाचतोय, आणि अचानक थांबला.

"काय झालं बे? पुसट दिसायलंय का?" मी घाबरून विचारलं.

"पुसट न्हाई. साफ हाय. लई साफ हाय," तो म्हणाला. "ही जमीन आमची हाय!"

त्याचा चुलता सगळ्या भावांची सामाईक जमीन एकटाच विकायला निघालता! घरात कुणाला पत्ता नाही. आणि हरकत घ्यायची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. मुजीबनं फिल्म माझ्या हातात कोंबली आणि लॅबचा गॉगल डोळ्यांवर तसाच ठेवून तो वकिलाकडे पळाला. मी हातात फिल्म धरून पुतळ्यासारखा उभा. रुक्मिणी आनंदानं रडत होती की भीतीनं, तिचं तिलाही कळेना.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती नोटीस स्वतः वाचून काढली. मग म्हणाले, "निरीक्षणात लिहा. फिल्म पारदर्शक. घरच्यांना जे दिसत नव्हतं, तेही दिसलं."

जमीन राहिली, बरं का. चुलता मात्र अजून आमच्या लॅबला शिव्या देतो.

*

फिल्म जमली. आता तिच्यावर खरा गोबरगॅस सोडून बघायचा होता. आमच्या घाटनांदूरच्या घरी गोबरगॅसची टाकी आहे. सर म्हणाले, "आणा थोडा." कसा आणायचा ते काही बोलले नाहीत.

मुजीबनं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पैदा केली. आम्ही टाकीवरून गॅस भरला, ट्यूब टम्म फुगली, आणि ती खांद्यावर घेऊन आम्ही दोघं चक्क एसटीत चढलो! आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय?"

"हवा," मुजीब म्हणाला.

"हवा हाय तर सोडा की हितंच. तिकडं गेल्यावर दुसरी भरा!"

इतका बिनतोड मुद्दा मला नंतर कुठल्याही तज्ज्ञानं ऐकवलेला नाही. मुजीब गडबडला आणि म्हणाला, "ही कॉलेजची हवा हाय." कंडक्टरनं आम्हाला खालून वर बघितलं आणि सामानाचं तिकीट फाडलं.

बस निघाली आणि ट्यूबच्या वॉल्व्हमधून गॅस झिरपायला लागला. गोबरगॅसचा वास कसा असतो ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सडकं अंडं बरं! हळूहळू सगळ्या बसनं नाकाला पदर आणि रुमाल लावले आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या पुढच्या सीटवरच्या एका आजोबांवर जाऊन थांबल्या.

"आजोबा, वयाचं तरी भान ठिवा!" एक बाई म्हणालीच.

"आईच्यान, म्या न्हाई!" आजोबा कळवळून म्हणाले. कुणी विश्वास ठेवेना. मला त्यांची दया येत होती आणि हसूही येत होतं.

अपमानानं तो म्हातारा इतका बेचैन झाला की त्यानं सदऱ्याच्या खिशातून बिडी काढली. आणि काडेपेटी!

मुजीबनं सीटवरून झेप घेतली आणि त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली. आजोबा ओरडले, बाया ओरडल्या, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. आम्ही काही न बोलता ट्यूब उचलली आणि अर्ध्या वाटेतच उतरलो. उभ्या उन्हात, दोन्ही बाजूंना मोकळं रान, आणि मध्ये आम्ही दोघं ट्यूबसकट.

बस सुटली तेव्हा आजोबांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि विजयी आवाजात ओरडले, "बगा, बगा! ज्यांचा व्हता ते घिऊन उतरले!"

ट्यूबमध्ये जो काही गॅस उरला होता तो आम्ही एका टेम्पोच्या मोकळ्या हौद्यात बसून लॅबपर्यंत आणला. सरांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एसटीत?" आणि खुर्चीत बसले. पण रुक्मिणीच्या फिल्मनं तो गॅस असा काही वेगळा केला की सरांनी आकडे पुसून पुन्हा मोजायला लावले. पुन्हा तेच आले! ज्योत पेटवली, तर निळीशार!

*

निळ्या ज्योतीची बातमी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. पांढरा कडक सदरा, मागं पाच-सहा माणसं, एक फोटोग्राफर, अशी स्वारी लॅबमध्ये आली.

रुक्मिणीनं दोन फिल्म समोर मांडल्या. "अप्पा, ही दुधाळ, ही फेल गेलेली. आणि ही साफ, ही जमलेली."

अप्पांनी साफ फिल्म उचलली. उलटीपालटी केली. तिच्यातून खिडकीकडे बघितलं. आणि खाली ठेवून दिली.

मग दुधाळ फिल्म उचलली. "आता ह्यात कसं, काम केल्यालं दिसायलंय! त्यात काय हाय? काईच न्हाई!"

सरांनी बोलायला तोंड उघडलं. मागच्या पाच-सहा माणसांनी माना डोलावल्या. सरांनी तोंड मिटलं. फोटोग्राफरनं फोटो काढला.

लगेचच कॉलेजच्या गेटवर हा एवढा मोठा फ्लेक्स लागला! 'ऐतिहासिक संशोधनाबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध अप्पा, हसतमुख, आणि त्यांच्या हातात आमची नापास फिल्म. रुक्मिणी रोज त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून आत यायची. मला तर तो फ्लेक्स बघून रोज नव्यानं धक्का बसायचा.

लॅब बघायला आले त्या दिवशी निघताना अप्पांनी घाम पुसला. "आरं, एवढ्या उकाड्यात लेकरं शास्त्र करायलीत! उद्याच्या उद्या मोठा कूलर पाठवा हितं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही स्वतःच्या हातांची लाज वाटते.

*

दुसऱ्याच दिवशी कूलर आला. लोखंडी, दाराएवढा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, आणि पाठीवर रंगानं अप्पांचं नाव. आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या समितीवरच्या तज्ज्ञ मॅडम मुंबईहून तपासणीला आल्या. त्यांनी आकडे वाचले होते आणि त्यांना ते पटले नव्हते.

"फिल्म मिसळलेली आहे हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, पेपर वाचता येतो," रुक्मिणी म्हणाली.

"त्यानं सिद्ध होत नाही. काही जोड्या फसवतात. प्रकाशाला दोघंही सारखीच दिसतात, म्हणून फिल्म साफ दिसते. आत मात्र दोघं वेगवेगळी बसलेली असतात."

इतकी वर्षं आम्ही काय परीक्षा घेत होतो मग? सर खिडकीबाहेर बघत होते. भिंतीवरची ती चाळण मला एकदम माझ्याकडेच बघतेय असं वाटलं.

"माझ्यासमोर एक करून दाखव," मॅडम म्हणाल्या.

आता पाहुणी उन्हातान्हाची मुंबईहून आलेली. आमच्याकडे पाहुण्याला उकडू द्यायचं नाही! मुजीबनं कूलर मॅडमच्या खुर्चीमागे लावला, टाकी काठोकाठ भरली आणि बटन शेवटच्या नंबरवर फिरवलं. गार, ओलसर वारा सगळ्या लॅबभर सुटला. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं दिसलं. आम्हालाही बरं वाटलं.

रुक्मिणीनं काचेवर द्रावण ओतलं, पट्टीनं पसरलं. फिल्म पाण्यासारखी साफ. टपरीवरून चहा आला. चहा संपेपर्यंत फिल्मच्या एका कडेला पांढरी रेघ उठली. मग दुसऱ्या कडेला. आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती अख्खी फिल्म दुधाळ झाली!

फक्त कूलर घरघरत होता.

मॅडम काही वाईट माणूस नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुदतीच्या आत पुन्हा पुन्हा जमवून दाखव. आणि दोघं खरंच मिसळलीत याचा पक्का पुरावा दे. नाहीतर मला हा विषय बंद करायला सांगावं लागेल."

रुक्मिणी नंतर सरांना म्हणाली, "सर, दोघं कधी मिसळलीच नव्हती का? मग मी इतके दिवस बघितलं ते काय होतं?" मला तर तिच्याकडे बघवेना.

आणि गाडीत बसताना मॅडम वळून काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "तुमचा कूलर मात्र फार छान आहे हं!"

*

त्यानंतर रोज दुधाळ फिल्म. आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. पॉलिमरच्या, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या, बाटलीवर घेतला, ते विरघळवायच्या सॉल्व्हंटवर घेतला, वजनकाट्यावर घेतला. मुजीबनं गुपचूप ओव्हनच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. सरांनी ती बघितली आणि काढली नाही, यावरून समजा काय हालत होती ते.

रुक्मिणी खचत चालली होती. जेवेना, बोलेना. आम्हा दोघांना तिची इतकी काळजी वाटली की आम्ही काय करावं? कूलर उचलून तिच्या टेबलासमोर आणून ठेवला! म्हटलं, पोरगी एवढी मरमर करतेय, निदान गारव्यात तरी बसू दे.

एक दिवस सकाळपासूनच लाइट गेली. लाइनवर काम निघालं होतं. लॅबची भट्टी झाली. आम्ही बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. रुक्मिणी हट्टानं आतच. तसल्या उकाड्यात तिनं फिल्म टाकली आणि ती वाळायची वाट बघत तिथंच बसून राहिली. मग दुसरी टाकली.

बऱ्याच वेळानं आतून ओरडली, "पळा! पेपर आना!"

असली घाबरीघुबरी हाक मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं आग लागली! धावलो, तर काचेवर पहिली फिल्म. साफ! मुजीबनं खाली पेपर धरला. नोटीस, चतुःसीमा, वकिलाचं नाव, सगळं सगळं दिसतंय!

तेवढ्यात लाइट आली आणि कूलर घरघर करत सुरू झाला. शेजारी दुसरी फिल्म अजून ओलीच होती. आम्ही बघत असतानाच तिच्या कडेला पांढरी रेघ उठली.

रुक्मिणीनं फिल्मकडे बघितलं. मग कूलरकडे बघितलं. सरळ चालत गेली आणि पिन उपसून काढली.

सरांनी कूलरच्या ओल्या ताटीवर हात ठेवला. "हवा! अरे, हवा!"

आमचं सॉल्व्हंट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी आत शिरलं की फिल्म वाळायच्या आतच दोन्ही पॉलिमर एकमेकांना सोडून वेगळी होतात. बीडच्या उन्हाळ्यातली कोरडी ठणठणीत हवा इतके दिवस आमचं काम करत होती, आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

"अख्खा जिल्हा पाण्यासाठी जीव टाकतोय," सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि आपण टाकी भरभरून पाणी फिल्मवर मारत होतो!"

रुक्मिणीनं लगेच आईला फोन लावला. हसत होती, रडत होती. "माय, समदा घात त्या कूलरनं केलता! त्यो लावला की माझं काम नासतंय!"

मग आई एवढंच म्हणाली, "बरं."

पुढे सगळं भराभर झालं. साफ फिल्म पुन्हा पुन्हा जमली. पक्क्या पुराव्यासाठी तुकडे बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवले. तिथं फिल्म हळूहळू तापवून बघतात. दोन पॉलिमर आत वेगळी बसलेली असली तर ती दोन वेगवेगळ्या तापमानाला मऊ पडतात. खरंच एकजीव झालेली असली तर एकाच. रिपोर्ट आला तेव्हा सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला आणि ओरडले, "एकच! अरे, एकच!" मुजीबनं मला उचललंच. मुदत संपायच्या आत रुक्मिणीचा प्रबंध विद्यापीठात जमा झाला.

राहता राहिला कूलर. अध्यक्षांनी दिलेली वस्तू, पाठीवर त्यांचं नाव, परत कशी करणार? सरांनी तो सेमिनार हॉलमध्ये नेऊन ठेवला.

*

पुढच्या वर्षी, भर उन्हाळ्यात, रुक्मिणीचा व्हायवा लागला. त्याच सेमिनार हॉलमध्ये. तपासायला त्याच मुंबईच्या मॅडम.

व्हायवा सगळ्यांना खुला असतो हे रुक्मिणीनं घरी सांगण्याची चूक केली. सकाळीच आष्टीकडून एक पिकअप आली आणि तिच्यातून अख्खी भावकी उतरली! फेटे, टोप्या, नव्या साड्या, कडेवर पोरं. हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत अप्पा कडक सदऱ्यात, त्यांच्या पलीकडे रुक्मिणीची आई, तिच्या शेजारी मी. वर पत्रे, बाहेर आग. मॅडमच्या टेबलाशेजारी कूलर घरघरत होता, म्हणून जरा तरी जिवाला बरं वाटत होतं.

रुक्मिणीनं सुरुवात केली. पडद्यावर पहिला आलेख आला. तिची आई पडद्याकडे बघत नव्हती. मला कोपरानं ढोसून तिनं विचारलं, "लेकरा, त्यो कूलर हाय न्हवं?"

"हो, मावशी."

"अप्पानं दिलेला? त्योच?"

"तोच की."

ती उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली असेल. ती सरळ पडद्यासमोरून निघाली, रुक्मिणीचा आलेख तिच्या साडीवरून सरकत गेला, आणि सगळ्या हॉलसमोर, परीक्षक मॅडमच्या पुढ्यात, तिनं भिंतीवरचं बटन खट्कन बंद केलं!

कूलर गप्प. रुक्मिणीचा हात हवेत तसाच. सर अर्धवट उभे राहिले होते, ना बसता येत होतं ना बोलता.

आईनं मॅडमपुढं हात जोडले. "बाई, राग मानू नगा. पर माझ्या पोरीचं काम व्हस्तोर कूलर लावायचा न्हाई. मागं एक बारी नासलंय."

"माय, आज फिल्म न्हाई गं..." रुक्मिणी कशीबशी म्हणाली.

"तू बोल," आई म्हणाली आणि येऊन बसली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. बंद कूलरकडे बघितलं. मग समोरच्या फाइलनंच वारा घेत म्हणाल्या, "चालू दे, रुक्मिणी."

आणि रुक्मिणी बोलली. पुढच्या रांगेत अप्पांचा कडक सदरा भिजून अंगाला चिकटला, पण कूलर लावा म्हणायची त्यांचीही हिंमत झाली नाही. सरांचा चष्मा सारखा घसरत होता. कडेवरची पोरं रडायला लागली, बाया त्यांना बाहेर नेऊन परत आणत होत्या. मॅडमनी प्रश्न विचारले, चांगले कडक विचारले, एकही सोडला नाही. रुक्मिणीनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी मॅडमनी घाम पुसला, फाइल मिटली आणि उभ्या राहून सांगितलं की पदवी द्यावी अशी त्या शिफारस करतात.

टाळ्यांनी पत्रे हादरले! मुजीब टाळ्या वाजवतच कूलरकडे धावला.

"थांब रं!" रुक्मिणीची आई ओरडली. मुजीब जागच्या जागी थांबला. टाळ्याही थांबल्या.

"झालं का, रुके?"

"झालं, माय."

"पक्कं? आता नासायचं न्हाई?"

रुक्मिणीनं मॅडमकडे बघितलं.

"नाही नासत आता, आई," मॅडम म्हणाल्या.

मग रुक्मिणीची आई उठली, कूलरपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं बटन दाबलं.